जेवणानंतरचा पहिला तास

बिश्केक, २१ सप्टेंबर

जोमार्त,

फाडायचंच असेल तर आधी वाच, मग फाड. माझा नंबर तू बंद करून ठेवलायस आणि बोलून पाठवलेले निरोप ऐकत नाहीस, म्हणून कागद. येकातेरिनबुर्गला जाणाऱ्या पार्सलच्या बसमधून कुरुतच्या पिशवीसोबत हे गुलसूनच्या नावाने येईल. कुरुत आपल्या कोचकोर गावचं आहे, वाळवलेल्या आंबट दह्याचं, दात आंबवणारं. राग माझ्यावर आहे ना, कुरुतवर काढू नकोस.

आणि गुलसूनवर ओरडू नकोस. नवऱ्याची गोष्ट नणंदेच्या कानावर घालणारी बायको ती नव्हे. ती वेळ तू तिच्यावर आणलीस. फोनवर ती आधी हवापाण्याचं बोलली, मग मुलांचं, मग एकदम हमसून रडायला लागली. ट्रक रस्ता सोडून खाली उतरला, पुढचा दिवा फुटला, आणि तू मालकाला सांगितलंस की रानडुक्कर आडवं आलं. भर दुपारी, चेल्याबिन्स्कच्या हमरस्त्यावर, रानडुक्कर! तुझा डोळा लागला होता. जेवून निघाला होतास आणि डोळा लागला.

वसंतातच तुला डॉक्टरांनी साखर सांगितली, हेही तिने सांगितलं. गोळ्या तू ट्रकच्या कप्प्यात नकाशाखाली ठेवतोस, कधी घेतोस, कधी नाही, आणि घरात सांगतोस की मला काही झालेलं नाही. आईला होती, मला आहे, तुला कशी नसेल? आपल्या घरात बाकी काही वाटून मिळालं नाही, हे तेवढं मिळालं.

मी आईबद्दल बोलायला हे लिहीत नाहीये. या उन्हाळ्यात माझ्या बाबतीत काय घडलं ते सांगते. पटलं तर घे.

मी अजून नुरिलाबाईंच्या कारखान्यातच आहे, कटिंगला. कापडाचे थर एकावर एक अंथरायचे, वर खडूने आखायचं, आणि उभ्या पात्याचं मशीन दोन्ही हातांनी ढकलत नेऊन सगळे थर एकदम कापायचे. समोर एक बाई थर दाबून धरते. माझ्यासमोर तुर्सुनाय असते, हसरी, तोंडाळ, दोन लेकरांची आई. ऑगस्टमध्ये नुरिलाबाईंचा नातू पहिली पावलं टाकायला लागला. त्याच्या पायांना बांधलेला दोरा कापायचा समारंभ त्यांनी कारखान्यातच केला. पुलाव, तळलेल्या बोरसोकांचा डोंगर, जर्दाळूचा मुरांबा, वर खरबूज. सगळ्यांनी खाल्लं, मीही खाल्लं, आणि मी काही कमी खाल्लं नाही.

त्यानंतर जी ग्लानी येते ती तुला ठाऊक आहे. साध्या दमण्यासारखी ती नसते. डोक्यावर कुणी ओली गोधडी टाकावी तसं होतं. उन्हाळाभर ती मला रोज येत होती. मी तोंडावर पाणी मारायचे, काळा चहा प्यायचे, स्वतःला चिमटे काढायचे. वय झालं म्हणायचे. त्या दिवशी रेघेवर मशीन चालवता चालवता माझे डोळे उघडेच होते, पण मी तिथे नव्हते. तुर्सुनाय किंचाळली तेव्हा मी जागी झाले. पातं रेघ सोडून तिच्या हाताकडे गेलं होतं. बाही चिरली होती आणि अंगठ्याखालून रक्त वाहत होतं.

कुणीतरी म्हणालं, कापड सरकलं असेल. दुसरी म्हणाली, मशीनने उडी घेतली. सगळ्याजणी माझ्यासाठी कारण शोधत होत्या, आयतं. मी मशीन बंद केलं आणि म्हणाले, "कापड सरकलं नाही. मला झोप लागली होती."

नुरिलाबाईंनी तुर्सुनायचा हात रुमालात गुंडाळला आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आनिपा, उद्यापासून तुम्ही पॅकिंगला."

आज मी पॅकिंगला आहे. पिशव्या घडी करते. ज्या टेबलावर मी अर्धं आयुष्य उभी राहिले तिथे दुसरं कुणीतरी उभं आहे. मी तिथे परत जाणार आहे, जोमार्त, पण जागी होऊन जाणार आहे. कशी, ते अजून मला माहीत नाही. तुला कळवीन.

तू तोवर गाडी चालवू नकोस. गयावया करत नाहीये, सांगते आहे.

तुझी थोरली बहीण. एजे म्हणणं तू सोडलंस तरी मी आहेच.

आनिपा

—

बिश्केक, १७ ऑक्टोबर

जोमार्त,

तू पत्र उभ्याउभ्या वाचलंस, फ्रिजवर टाकलंस आणि म्हणालास, "तिला सांग, मी काही चिंध्या कापत नाही, मी वीस टनी गाडी चालवतो." गुलसूनने शब्द न् शब्द सांगितला. छान. मग वीस टनांचाच हिशेब कर. माझ्यासमोर एक अंगठा होता, तुझ्यासमोर येणाऱ्या गाडीत अख्खं घर बसलेलं असतं.

कुरुत मात्र संपलं म्हणे.

मी डॉक्टर सागिनबायेवांकडे गेले. तरुण आहेत, घाईत असतात, पण ऐकून घेतात. मी म्हटलं, मला जागं राहण्याचं औषध द्या. त्या हसल्या. "असं एक औषध नसतं. आधी झोप कोण आणतंय ते पकडू. चोर एक असेल असं समजू नका."

एक नव्हताच. रक्त तपासलं, तर इतकी वर्षं साखरेच्या गोळ्या खाऊन अंगातलं कुठलंसं जीवनसत्त्व पार तळाला गेलं होतं. काहींच्या बाबतीत होतं म्हणे असं, आणि माणूस नुसता गळून जातो. त्याची इंजेक्शनं सुरू झाली. मग त्यांनी विचारलं, रात्री किती वेळा उठता? मी म्हटलं, मोजत नाही, पायांना वाट पाठ झाली आहे. साखर चढली की लघवी, लघवी की जाग. मग विचारलं, घोरता का? मी म्हटलं, छे.

एसेनकुल शेजारी बसला होता. गरीब माणूस, बायकोसमोर कधी तोंड उघडत नाही. तो म्हणाला, "डॉक्टर, खाली अंगणात कुत्रं भुंकायचं थांबतं ही घोरायला लागली की. आणि मधेच श्वास बंद होतो हिचा. मी जागा राहून वाट बघतो, परत कधी सुरू होतोय म्हणून."

इतकी वर्षं तो अंधारात माझा श्वास मोजत पडलेला, आणि मला पत्ता नाही. मी त्याच्यावर चिडले, मग नाही चिडले. झोपेतला श्वास तपासायला नंबर लावला आहे. तोवर कुशीवर झोपते. त्याने माझ्या झोपायच्या सदऱ्याला पाठीत लोकरीचा गोळा शिवून दिलाय, उताणी झाले की टोचतो.

आणि जेवण. डॉक्टरांनी साखर मोजायचं मशीन दिलं, म्हणाल्या, जेवणाआधी बघा, जेवणानंतर बघा, मग मला विचारायची गरज पडणार नाही. कारखान्यात आमची बैठक तुला माहीत आहे. जमिनीवर दस्तरखान अंथरायचा, मधे नान, चहा, मुरांबा, आणि नान कमी खाल्ला तर यजमानाचा अपमान. मी पहिल्या दिवशी बोट टोचलं तर सगळ्या गोळा झाल्या. जेवणाआधी ठीक होती. जेवणानंतर जवळजवळ दुप्पट. आणि तेवढ्यात ती ओली गोधडी आलीच डोक्यावर. मला पहिल्यांदा ती डोळ्यांनी दिसली म्हण. वय नव्हतं ते, नान आणि मुरांबा होता.

आता आधी मी कोबीगाजर आणि मटण खाते, नान शेवटी, तळहाताएवढा. चहात मुरांबा नाही. आणि जेवून उठले की आवारात चालते, दाराशी उभ्या ट्रकांच्या भोवतीने. बायका खिडकीतून ओरडतात, "आनिपा-एजे, नवरा असताना कुणाला शोधताय?" मी म्हणते, "चांगला मिळाला तर तुम्हालाही सांगेन." हसतात, हसू देत. गोधडी हलकी झाली आहे. गेली नाही, हलकी झाली आहे.

तू एकच कर. जेवण्याआधी बोट टोच, जेवून दोन तासांनी पुन्हा टोच. माझं ऐकू नकोस, यंत्राचं ऐक. ते तुझ्याशी भांडलेलं नाही.

पायांचं विचारशील तर माझे पाय ठीक आहेत.

आनिपा

—

बिश्केक, ९ डिसेंबर

जोमार्त,

तुझं उत्तर नाही. गुलसून म्हणते, तू यंत्र विकत आणलंस पण डब्यातून काढलं नाहीस. म्हणजे अर्धा रस्ता आलास.

मधे मी एक मूर्खपणा केला, तो तुझ्या कामाचा आहे म्हणून सांगते. मला वाटलं, जेवणाने झोप येते ना, मग जेवायचंच नाही. सकाळच्या गोळ्या घेतल्या, दुपारी नुसता चहा. पहिले दोन दिवस काय डोकं स्वच्छ! मी एसेनकुलला म्हटलं, डॉक्टरांना एवढी साधी गोष्ट सुचली नाही. तिसऱ्या दिवशी पॅकिंगच्या टेबलाशी माझे हात थरथरायला लागले. थंडीच्या दिवसात घामाने अंग भिजलं, समोरचा चिकटपट्टीचा गोल दोन-दोन दिसायला लागला, आणि मला कुणाचं तरी नाव घेऊन हाक मारायची होती, नावच आठवेना. मी खोक्यांवर बसले.

तुर्सुनाय धावत आली. हो, तीच. मला बघून म्हणाली, "एजे, तोंड उघडा," आणि साखरेचा गडद चहा चमच्याने भरवला, लेकराला भरवतात तसा. मग जरा बरं वाटल्यावर नान दिला आणि मला अशी शिवी हासडली की ती मी कागदावर लिहू शकत नाही.

डॉक्टर सागिनबायेवा ओरडल्या. माझ्या दोन गोळ्यांपैकी एक अशी आहे की ती घेऊन उपाशी राहिलं तर साखर विहिरीत पडावी तशी पडते. "झोपेने तुम्ही एक अंगठा कापला असता, याने तुम्ही मेला असतात," म्हणाल्या. त्यांनी ती गोळी बदलली. तू कुठल्या घेतोस ते मला माहीत नाही. तुलाही माहीत नसणार. विचार. आणि उपाशी पोटी गोळी खाऊन गाडी चालवत असशील तर या क्षणी थांब.

त्या दिवशी तुर्सुनायचे उपकार मानताना माझा धीर वाढला आणि मी नको ते बोलून बसले. नुरिलाबाईंना मी आधीच विचारलं होतं, मला टेबल परत द्या. सकाळी कापीन, जेवणानंतरचा पहिला तास मशीनला हात लावणार नाही, तेव्हा आखणी करीन, मधे थोडी पाठ टेकायला द्या, आणि समोर उभं राहणारीला लोखंडी जाळीचा हातमोजा द्या, तो खरं तर पहिल्यापासून हवा होता. नुरिलाबाई वाईट बाई नाहीत. म्हणाल्या, "आनिपा, माझ्यासाठी तुमच्यापेक्षा चांगलं कुणी कापत नाही, पण समोर मी उभी राहत नाही, तुर्सुनाय राहते. तिला विचारा."

म्हणून मी तिला विचारलं. ती चहाचे कप विसळत होती.

"नाही, एजे," ती म्हणाली.

"मी आता—"

"तुम्ही आता बऱ्या आहात, मला दिसतंय. मी तुमच्यासाठी आनंदी आहे. पण मला दोन पोरं आहेत आणि दोनच हात आहेत. मी घरी तो रुमाल धुतला तेव्हा माझी धाकटी विचारत होती, आई, हे कुणाचं रक्त? मी तुमच्यावर रागावले नाही. पण तुमच्या पात्यासमोर हात ठेवणार नाही."

मला तिचं उत्तर आवडलं नाही. रात्रभर ते चघळलं आणि सकाळी उठले तेव्हा मला कळलं की तिच्या जागी मीही हेच सांगितलं असतं. आजारपण माझं आहे, हात तिचे आहेत. मी पुन्हा विचारलं नाही. पिशव्या घडी करत राहिले, बोट टोचत राहिले, आवारात बर्फ पडलं तरी चालत राहिले. श्वासाची तपासणी झाली. झोपताना नाकावर लावायचं यंत्र मिळालं आहे, हत्तीच्या सोंडेसारखं. एसेनकुल म्हणतो, लग्न करताना ही अट नव्हती. पण तो आता झोपतो, आणि मीही.

मग मागच्या आठवड्यात तुर्सुनाय आपणहून आली. पॅकिंगच्या टेबलावर कोपरं टेकून म्हणाली, "मी बघत होते तुम्हाला. नवी बाई कापते ती तर जागी असूनही कापडाकडे बघत नाही. ऐका, माझी एक अट आहे. प्रत्येक नवी थप्पी कापायला घेण्याआधी मी विचारणार, जाग्या आहात का? आणि उत्तर खरं द्यायचं. लाज वाटली तरी. मालकीणबाई डोक्यावर उभ्या असल्या तरी."

मी म्हटलं, "आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर बटण बंद. कोण काय बोलतं ते मी बघून घेईन."

सोमवारपासून मी टेबलावर आहे.

जोमार्त, तुझ्या शेजारच्या सीटवर असं विचारणारं कुणी नाही. तू एकटा असतोस. मला रात्रंदिवस हेच खातं.

आनिपा

—

बिश्केक, ११ जानेवारी

जोमार्त,

नव्या वर्षाच्या आधी काय झालं ते थोडक्यात सांगते, कारण मला मुद्द्यावर यायचं आहे.

मॉस्कोच्या बाजारासाठी बायकांच्या कोटांची मोठी मागणी होती. ट्रक दाराशी उभा, ड्रायव्हर दर थोड्या वेळाने आत डोकावून जायचा, शिवणाऱ्या बायका हात बांधून माझ्या तोंडाकडे बघत होत्या, कारण मी कापल्याशिवाय त्या शिवणार काय? दुपार टळून गेलेली. त्या दिवशी मी नियमाने जेवले होते, चालले होते, सगळं केलं होतं. तरी शेवटच्या थप्पीशी ती गोधडी आली. कधी कधी येते, सगळं करूनही. शरीर कामगारांच्या संघटनेत नसतं, त्याच्याशी करार होत नाही.

तुर्सुनायने विचारलं, "जाग्या आहात का?"

नुरिलाबाई माझ्या मागे उभ्या होत्या. त्यांचा श्वास मला मानेवर लागत होता. एकच थप्पी राहिली होती, रे. हो म्हणायला काय लागतं?

मी म्हटलं, "नाही." आणि बटण बंद केलं.

नुरिलाबाई म्हणाल्या, "आत्ता?" एक शिवणारी कुजबुजली, इतकी की मला ऐकू यावं, "घरी बसावं की मग." तुर्सुनाय हातमोजा न काढता तिच्याकडे वळली. "तुझा हात घेऊन ये इथे, ठेव पात्यासमोर, मग बोल." मी बोट टोचलं, साखर चढली होती, पाणी प्यायले, गोदामात कापडाच्या गठ्ठ्यांवर पडले. डोळा लागला. उठले तेव्हा डोकं धुतल्यासारखं होतं. मग कापलं. ट्रक उशिरा सुटला. ड्रायव्हरने नाक मुरडलं, बाकी आभाळ कोसळलं नाही. कोट मात्र सरळ कापले गेले आणि तुर्सुनायची दहाही बोटं जागेवर आहेत.

तेव्हापासून तिचा आवाज बदलला आहे. आधी ती पोलिसासारखी विचारायची, आता चहा हवा का विचारावं तसं विचारते.

आता दुसरं. ऑक्टोबरमध्ये तुला लिहिलं होतं, पाय ठीक आहेत. नव्हते. बोटं बधिर होती. डिसेंबरअखेर एकदा घरी येऊन बूट काढले तर मोजा रक्ताने चिकटलेला. तळव्यातून टाचणी आत गेली होती आणि मी दिवसभर तिच्यावर उभी होते. मला काही कळलं नाही, जोमार्त. काहीच नाही. मी जमिनीवर बसले आणि मला आईचा पाय दिसला, काळा पडलेला, आणि तो वास. त्याच संध्याकाळी मी दवाखान्यात गेले. जखम भरली आहे. आता रोज एसेनकुल माझे तळवे बघतो, बूट झटकतो. हे मी तुला सांगणार नव्हते, पण तुझ्याकडून खरं मागायचं आणि आपलं लपवायचं हे बरं नाही.

आणि आईचं बोलायचं नाही म्हटलं होतं, पण तू काल गुलसूनला म्हणालास, "तिला लोकांचे पाय कापायची हौसच आहे." तर ऐक. तू रशियातून फोनवर म्हणालास, मी येईपर्यंत थांबा, आपण आईला पिराच्या मझारवर नेऊ, झऱ्याचं पाणी लावू. डॉक्टर म्हणाले, सकाळपर्यंत विष वर चढेल. पाय कापायला मी सही केली. त्यानंतर आई दोन वर्षं जगली, कुबड्यांवर अंगणात फिरली, तुझ्या धाकट्याच्या जन्माची बातमी तिने स्वतःच्या कानाने ऐकली आणि शेजारणींना बोरसोक वाटले. तू त्या दोन वर्षांत आला नाहीस. मयताच्या तंबूबाहेर पुरुषांत उभा राहून हंबरडा फोडलास आणि मला ओलांडून निघून गेलास. मी ती सही पुन्हा करीन. आजही करीन.

म्हणून मुद्द्याचं. गुलसून म्हणते, तू पुन्हा पेंगलास. या वेळी बर्फात, आणि या वेळी रानडुक्करही नव्हतं, मागच्या गाडीच्या भोंग्याने उठलास. पुरे झालं. तुझे मालक पावेल सेर्गेयेविच यांचा नंबर माझ्याकडे आहे. हे पत्र हातात पडल्यावरच्या शुक्रवारपर्यंत तू स्वतः त्यांना सांग: मला साखर आहे, गाडीवर झोप येते, ताब्यात येईपर्यंत मला दुसरं काम द्या. तू सांगितलं नाहीस तर मी सांगेन. पाठीमागून नाही, आधी कळवून. मग आणखी सहा वर्षं बोलू नकोस. आणखी साठ बोलू नकोस. न बोलायला तरी तू जिवंत असशील.

आनिपा

—

बिश्केक, २४ फेब्रुवारी

जोमार्त,

आता फोन चालू आहे तरी लिहिते आहे. कारण फोनवर तू मला बोलू दिलं नाहीस आणि नंतर मला बोलता आलं नाही.

शुक्रवार गेला, शनिवारी मी पावेल सेर्गेयेविचना फोन लावला. माझं मोडकं रशियन आणि त्यांचा खोकला. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "तुम्ही कोण त्याच्या?" मी म्हटलं, "बहीण." ते म्हणाले, "माझ्या भावासाठी कुणी असा फोन केला असता तर बरं झालं असतं," आणि ठेवून दिला. त्यापुढे मी काही विचारलं नाही.

त्यांनी तुला गाडीवरून उतरवलं, आवारात माल चढवण्या-उतरवण्याच्या देखरेखीला लावलं. संध्याकाळी तुझा फोन आला. मी पिठाचे हात घेऊन उचलला. सहा वर्षांनी तुझा आवाज ऐकला आणि तो ओरडत होता. तुम्ही माझी भाकरी काढून घेतलीत. आवारातली पोरं मला आजोबा म्हणतात. मी ड्रायव्हर आहे, हमाल नाही. तुम्हाला कुणी विचारलं होतं? आईच्या वेळीही कुणी विचारलं नव्हतं! एसेनकुल हातवारे करून सांगत होता, ठेव, ठेव. मी ठेवला नाही. मला वाटलं, ओरड, बाबा. ओरडायला श्वास लागतो. मी तो ऐकत होते.

मग तू थांबलास.

"एजे," तू म्हणालास, "आईला दुखलं का? नंतर?"

"पाय गेल्यावर दुखणं थांबलं. त्याआधी फार दुखत होतं. तू नव्हतास म्हणून तुला ते माहीत नाही, आणि ते तुला माहीत नाही याचं मला बरंच वाटतं."

"मला यायला तोंड नव्हतं. मी थांबा म्हणालो होतो. थांबला असतात तर ती गेली असती, हे मला तेव्हाच कळलं होतं. मग तुमच्यासमोर कसा येणार?"

मी इतकी वर्षं समजत होते की तू मला माफ करत नाहीयेस. तेव्हा मला तुला सांगायचं होतं की वेड्या, त्या दोन वर्षांत ती दर दिवशी फाटकाकडे तोंड करून बसायची, तुझ्यावर रागावून नाही, तुझी वाट बघत. तेव्हा सांगता आलं नाही, म्हणून हे पत्र.

त्यानंतर तू घसा खाकरून एकदम कामाचं विचारलंस, ट्रकचं तेल विचारावं तसं, "जेवल्यावर तुमची किती येते?"

मी आकडा सांगितला. तू तुझा सांगितलास. तो माझ्यापेक्षा बराच वर होता.

"जोमार्त, उद्या दवाखान्यात जा."

"उद्या माल येतोय."

"मग परवा."

"बघतो."

तेवढ्यात फोन ओढल्याचा आवाज आणि गुलसून, "बघतो नाही! परवा मी नेते ह्याला, एजे, कानाला धरून नेते." आणि मागून तुझा आवाज, "कान सोड, बाई, पोरं बघतायत."

तुम्ही गेलात. नव्या गोळ्या, नवं वेळापत्रक, आणि डॉक्टरांनी सांगितलंय की साखर ताब्यात आली आणि दिवसा डोळा लागणं थांबलं तर गाडीचा विचार करू. "तर" म्हणाले आहेत, "तेव्हा" म्हणाले नाहीत. तू तो शब्द चघळत बसला आहेस हे मला माहीत आहे. मीही पॅकिंगला बसून चघळला होता. लागेल तेवढा वेळ लागू दे. आणि कदाचित नाही मिळणार गाडी, तेही होऊ शकतं, मी खोटा दिलासा देणार नाही. पण तू आवारात आजोबा हो, खराखुरा आजोबा होईपर्यंत.

काल तू दुपारच्या जेवणाचा फोटो पाठवलास. कोबी, अंडी, गव्हाची लापशी, ताटाच्या कडेला अर्धा नान, आणि मागे तुझं तोंड. मी फोटो तुर्सुनायला दाखवला. ती निरखून बघत म्हणाली, "एजे, तुमच्या भावाच्या मिशीला मुरांबा लागलाय."

पुढच्या फोटोआधी तोंड पुसत जा.

तुझी
आनिपा-एजे